मलिक अंबर : एका कारभाऱ्याचा उदय आणि त्याच्या राज्याचा अस्त

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात मलिक अंबर हे नाव चार-दोन ओळींत येते आणि जाते. निजामशाहीचा कर्तबगार वजीर, गनिमी काव्याचा जाणकार, जमीनमहसुलाची पद्धत घालून देणारा, एवढे आमचे विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षेत दोन गुण मिळवितात. एकदा वर्गात हा भाग शिकवीत असता मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारले, ''सर, जो माणूस बाजारात विकला गेला, तो राज्य कसा चालवू लागला?'' त्या प्रश्नाचे उत्तर मी त्या तासाला जमेल तसे दिले. परंतु घरी आल्यावर माझ्या मनात दुसराच प्रश्न उभा राहिला. जो एवढा मोठा झाला, त्याचे राज्य त्याच्या माघारी दहा वर्षेही का टिकले नाही?

हे दोन्ही प्रश्न मला आपल्या समाजाच्या दृष्टीने महत्त्वाचे वाटतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण अभिमानाने सांगतो, दुसरा मात्र आपण सहसा विचारीत नाही. म्हणूनच या स्मरणिकेच्या निमित्ताने पालक आणि विद्यार्थी यांच्यापुढे दोन्ही मांडण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

सोलापूर आणि निजामशाही

ही कथा सोलापूरकरांना परकी नाही. बहमनी राज्य मोडून दक्षिणेत पाच शाह्या उभ्या राहिल्या, तेव्हा अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्या सरहद्दीवर आपले सोलापूर सापडले. सिद्धेश्वर तलावाकाठचा जो भुईकोट किल्ला आपण येता-जाता पाहतो, त्याच्यासाठी या दोन घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या तंटा चालला. इ. स. १५२४ च्या सुमारास इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम हिचा निकाह बुऱ्हाण निजामशहाशी झाला. त्या वेळी सोलापूर आंदण म्हणून देण्याचे ठरले होते. ते दिले गेले नाही आणि त्यावरून लढाया पेटल्या. पुढे बुऱ्हाणचा मुलगा हुसेन निजामशहा याने आपली मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली, तेव्हा सोलापूर खरोखरीच आंदणात गेले. लेकी सासरी जात होत्या आणि त्यांच्याबरोबर आपले गाव या राज्यातून त्या राज्यात जात होते.

याच चांदबीबीने पुढे विधवा झाल्यावर माहेरी येऊन अकबर बादशहाच्या फौजेपासून अहमदनगरचा (आजच्या अहिल्यानगरचा) किल्ला लढविला. १५९५-९६ चा वेढा तिने परतविला, पण वऱ्हाड मोगलांना द्यावा लागला. १६०० साली मोगल पुन्हा आले. किल्ल्यातीलच लोकांच्या हातून चांदबीबी मारली गेली, अहमदनगर पडले आणि बाल सुलतान कैदी होऊन ग्वाल्हेरच्या किल्ल्यात गेला. निजामशाही संपली असेच सर्वांना वाटले. मलिक अंबरचा खरा उदय होतो तो या पडझडीच्या वेळी.

गुलामीतून इल्मकडे

अंबरचा जन्म इ. स. १५४८ च्या सुमारास आफ्रिकेच्या पूर्व भागात, हबशाणात म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. तांबड्या समुद्रावरील मोखा बंदर, तेथून बगदाद आणि शेवटी दख्खन असा त्याचा प्रवास विकत जात-जातच झाला. एका डच व्यापाऱ्याने नंतर लिहून ठेवले आहे, की मोखाच्या बाजारात तो वीस सोन्याच्या नाण्यांना विकला गेला होता. ज्याच्या पायाखाली पुढे दौलताबादसारखा किल्ला आला, त्याची एके काळची किंमत वीस नाणी होती.

परंतु याच प्रवासात त्याला एक माणूस भेटला. त्याच्या मालकांपैकी मीर कासिम नावाच्या बगदादच्या गृहस्थाने या मुलाची बुद्धी ओळखली. त्याने त्याला इस्लामची दीक्षा दिली, अंबर हे नाव दिले आणि लिहिणे-वाचणे, हिशेब व कारभार यांची तालीम दिली. मीर कासिमचे नाव आज कोणाच्या तोंडी नाही, परंतु माझ्या वर्गातील मुलाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्याच्यापाशी आहे. लोखंडाची बेडी तुटण्याच्या कितीतरी आधी अज्ञानाची बेडी एका शिक्षकाने तोडलेली होती.

पुढे दख्खनमध्ये अंबरला निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने विकत घेतले. हा चंगीझखान स्वतःच हबशी आणि एके काळचा गुलाम. त्या काळच्या दख्खनी दरबारांत अशी माणसे मुद्दाम बाळगली जात. त्यांना येथे भाऊबंद नसत, म्हणून ती धन्याशी निष्ठेने राहतील अशी अपेक्षा असे. त्यांना घोडा, तलवार आणि कारभार शिकविला जाई आणि धन्याच्या मृत्यूनंतर अनेकदा ती मुक्त होत. अंबरच्या बाबतीत तेच घडले. १५७५ च्या सुमारास चंगीझखानाचा अंत झाला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले.

मुक्त झाला म्हणून लगेच वैभव आले असे मात्र नाही. त्यानंतरची वीस वर्षे त्याने लहानसहान चाकरीत काढली. काही काळ तो विजापूरच्या नोकरीत होता. तेथे त्याला 'मलिक' हा किताब मिळाला. १५९५ च्या सुमारास तो निजामशाहीत परतला तेव्हा त्याच्या हाताखाली अवघे दीडशे स्वार होते आणि त्याचे वय पंचेचाळिशी ओलांडलेले होते. ''आता आमचे काय व्हायचे राहिले आहे'' असे म्हणणाऱ्या प्रौढांनी हे वय ध्यानात ठेवावे.

परांड्याचा सुलतान

अहमदनगर पडल्यावर निजामशाहीचे सरदार सैरभैर झाले. मोगलांच्या ताब्यात राजधानी आली होती, पण मुलूख आला नव्हता. अंबरने विखुरलेली माणसे गोळा केली. राजघराण्यातील मुर्तझा नावाचा तरुण शोधून काढला, त्याला आपली मुलगी दिली आणि १६०० साली परांडा येथे त्याला तख्तावर बसविले. परांडा म्हणजे आपल्या बार्शीच्या पलीकडचे, धाराशिव जिल्ह्यातील. बुडालेले राज्य पुन्हा उभे राहिले ते आपल्या शेजारच्या या गावी.

दुसरा एक दख्खनी सरदार राजू याच्याशी अंबरची सात वर्षे स्पर्धा चालली. १६०७ च्या सुमारास अंबरने त्याचा पराभव केला आणि राजधानी जुन्नरला नेली. १६१० मध्ये त्याने अहमदनगरचा किल्लाही मोगलांकडून परत घेतला. त्याच सुमारास दौलताबादजवळ खिडकी नावाच्या खेड्याच्या जागी त्याने नवे शहर वसविले. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि आता छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखले जाते. तेथील भडकल दरवाजा त्याचाच. डोंगरातील पाणी जमिनीखालून नळांनी शहरात आणणारी नहर-ए-अंबरी ही त्याचीच. त्या पाण्यावर पुढे कित्येक पिढ्या जगल्या.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. १६१० साली सुलतान मुर्तझा आणि अंबर यांच्यात बेबनाव झाला. एका समकालीन डच वृत्तांताप्रमाणे सुलतानाच्या थोरल्या बेगमेने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणविले आणि वितुष्ट विकोपाला गेले. शेवटी सुलतान विषप्रयोगाने मारला गेला, आणि त्यामागे अंबरचाच हात होता असे इतिहासकार मानतात. तख्तावर मुर्तझाचा पाच वर्षांचा मुलगा बसला आणि सर्व सत्ता अंबरच्या हाती राहिली. आपल्या समाजातील थोर पुरुषांविषयी लिहिताना अशी पाने गाळण्याची आपल्याला सवय आहे. परंतु विद्यार्थ्यांना अर्धा इतिहास दिला, तर ते अर्धेच शहाणे होतील.

कारभाराची रीत

अंबरची खरी थोरवी रयतेच्या कारभारात दिसते. त्याच्या आधी महसुलाची वसुली इजाऱ्याने दिली जाई. जो जास्त बोली बोलेल त्याने गावे घ्यावीत आणि रयतेला पिळून पैसा काढावा, असा तो प्रकार होता. अंबरने इजारा बंद केला. जमिनीची पाहणी व प्रतवारी करून, प्रत्यक्ष पीक पाहून सरकारचा हिस्सा ठरविण्यास सुरुवात केली. प्रारंभी हा हिस्सा धान्यात घेतला जाई. काही वर्षांच्या अनुभवानंतर तो रोख रकमेत ठरविण्यात आला आणि ही रक्कम उत्पन्नाच्या सुमारे एक-तृतीयांश भरत असे, असे परंपरा सांगते. गावाचा पाटील आणि कुलकर्णी यांना त्याने पुन्हा मान दिला. वसुलीचे काम ब्राह्मण कारकून पाहत आणि त्यावर मुसलमान अधिकारी देखरेख ठेवीत. 'मलिकंबरी धारा' हा शब्द त्याच्या मागेही महाराष्ट्राच्या महसुली व्यवहारात टिकून राहिला. राज्य गेल्यावरही रीत उरली, हे ध्यानात घ्यावे, कारण पुढे त्याचाच विचार करावयाचा आहे.

१६१७ साली पीटर व्हॅन डेन ब्रूक हा डच व्यापारी त्याला भेटला. अंबरच्या मुलखात चोऱ्यांना जबर शिक्षा असल्याने वाटा निर्धास्त आहेत, असे त्याने नमूद केले आहे. गुलाम म्हणून ज्याला कोणीही कोठेही नेत होते, त्याने वाटसरूंच्या सुरक्षिततेची एवढी काळजी घ्यावी, यात नवल वाटण्याचे कारण नाही.

त्याच्या सैन्यात हबशी होते, दख्खनी मुसलमान होते आणि मराठे तर फार मोठ्या संख्येने होते. लखुजी जाधवराव, शहाजीराजे भोसले, शरीफजी भोसले ही नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. समोरासमोर मोठी लढाई न देता हलक्या घोडदळाने शत्रूची रसद तोडायची, त्याला डोंगरात ओढायचे आणि थकवायचे, हे तंत्र अंबरने या मराठी घोडेस्वारांच्या बळावरच वाढविले.

उत्कर्ष आणि शेवटचे दिवस

जहांगीर बादशहाला हा हबशी फार सलत होता. त्याचा चित्रकार अबुल हसन याने एक चित्र काढले आहे. त्यात बादशहा अंबरच्या छाटलेल्या मस्तकावर बाण सोडीत आहे. प्रत्यक्षात हे मस्तक बादशहाच्या हाती कधीच आले नाही. रणात जे साधले नाही ते कागदावर साधून घेतले, एवढाच त्या चित्राचा अर्थ.

तथापि अंबरला पराभवही पाहावे लागले. १६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईपूर्वी त्याचे काही सरदार मोगलांना जाऊन मिळाले. लढाई हरली आणि मोगलांनी खिडकी शहर जाळले. १६१७ आणि १६२१ साली शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, याच्याशी तह करून मुलूख सोडावा लागला. दर वेळी तो पुन्हा उभा राहिला. १६२४ साली मोगल आणि आदिलशहा या दोघांच्या एकत्रित फौजा अंगावर आल्या, तेव्हा अहमदनगरजवळ भातवडी येथे त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूचा तळ चिखलात अडकविला आणि मोठा विजय मिळविला. या लढाईत शहाजीराजांनी पराक्रम गाजविला आणि त्यांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. 'शिवभारत' या शिवकालीन संस्कृत काव्यातही या युद्धाचे वर्णन आले आहे.

भातवडीनंतर अंबर आदिलशाही मुलखात शिरला. विजापूरजवळचे नौरसपूर त्याने उद्ध्वस्त केले आणि १६२५ साली आपले सोलापूर घेतले. ज्या किल्ल्यासाठी निजामशहा आणि आदिलशहा शंभर वर्षे भांडले, तो या एके काळच्या गुलामाने घेतला. ही त्याच्या सत्तेची परमावधी होती. पुढच्याच वर्षी, मे १६२६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षाच्या सुमारास तो वारला. खुलताबादला जर जरी जर बक्ष यांच्या दर्ग्याजवळ त्याची कबर आहे. जहांगीरच्या दरबारातील इतिहासकार मुअतमदखान याने देखील त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या शौर्याची आणि कारभाराची मुक्त कंठाने स्तुती केली. शत्रूच्या लेखणीतून आलेली स्तुती ही सर्वांत भरवशाची समजावी.

अस्त

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. सव्वीस वर्षे ज्याने राज्य सांभाळले, त्याच्या माघारी काय झाले?

कारभार त्याचा मुलगा फत्तेखान याच्याकडे आला. वडिलांनी वसविलेल्या खिडकी शहराचे नाव बदलून त्याने ते फत्तेनगर केले. वडिलांनी त्या शहराला स्वतःचे नाव दिले नव्हते, पाणी दिले होते. मुलाने प्रथम नाव दिले. या एका गोष्टीवरून दोन पिढ्यांतील अंतर कळून येते.

अंबरने ज्याला पाच वर्षांचा असताना तख्तावर बसविले, तो सुलतान आता विशीत आला होता. परंतु राज्य कसे चालवावे हे त्याला कोणी शिकविले नव्हते. पंधरा-सोळा वर्षे तो शिक्क्यापुरता सुलतान होता. त्याने हमीदखान नावाच्या दुसऱ्या हबशी सरदाराच्या सल्ल्याने फत्तेखानाला कैदेत टाकले. १६२९ साली दौलताबादच्या दरबारात लखुजी जाधवराव आणि त्यांची मुले यांची दगा करून हत्या करण्यात आली. ज्या मराठा सरदारांच्या बळावर राज्य उभे होते, त्यांचा विश्वास त्या दिवशी उडाला आणि शहाजीराजेही निजामशाही सोडून गेले. त्याच सुमारास १६३०-३२ चा भयंकर दुष्काळ पडला. गोंधळून गेलेल्या सुलतानाने फत्तेखानाला कैदेतून सोडले. फत्तेखानाने त्याचे उपकार असे फेडले, की सुलतानालाच कैद करून ठार मारले, एका लहान मुलाला गादीवर बसविले आणि तो मोगलांना शरण गेला. पुढे तेथेही तो एकनिष्ठ राहिला नाही. जून १६३३ मध्ये मोगल सरदार महाबतखानाने दौलताबाद घेतले आणि तो बाल सुलतान ग्वाल्हेरला कैदेत रवाना झाला. शहाजीराजांनी आणखी एका बालकाला गादीवर बसवून तीन वर्षे झुंज दिली. अखेर १६३६ च्या तहाने निजामशाहीचा मुलूख मोगल आणि आदिलशहा यांनी वाटून घेतला.

अंबरच्या मृत्यूपासून दौलताबाद पडेपर्यंत सात वर्षे आणि राज्य पूर्ण मिटेपर्यंत दहा वर्षे. फौजा त्याच होत्या, किल्ले तेच होते, मलिकंबरी धाराही तोच होता. नव्हता फक्त एक माणूस, आणि सारे त्या एका माणसावर टेकलेले होते.

येथे अंबरवर अन्याय करण्याचा हेतू नाही. मोगलांचे सामर्थ्य प्रचंड होते आणि दुष्काळ कोणाच्या हातचा नव्हता. परंतु मीर कासिमने जे अंबरसाठी केले, ते अंबरने फत्तेखानासाठी आणि त्या लहान सुलतानासाठी केले काय? एकाला त्याने सत्तेजवळ ठेवले आणि दुसऱ्याला सत्तेपासून दूर ठेवले. राज्याचा भार पेलण्यास मात्र दोघांपैकी एकही तयार झाला नाही. शिवाय स्वतः अंबरनेच सुलतानाला दूर करून बालकाला गादीवर बसविण्याचा पायंडा पाडला होता. त्याच्या मुलाने तोच कित्ता गिरविला.

आजच्या आफ्रिकेचा दाखला

हे केवळ जुन्या दख्खनमध्ये घडले आणि संपले, असे समजण्याचे कारण नाही. अंबरच्या जन्मभूमीच्या त्याच आफ्रिका खंडाच्या पश्चिम टोकाला, अगदी अलीकडच्या काळात, याचा पडताळा आला. आयव्हरी कोस्ट हा देश १९६० साली फ्रेंचांपासून स्वतंत्र झाला आणि फेलिक्स हुफे-बोआन्यी हे त्याचे अध्यक्ष झाले. ते मृत्यूपर्यंत, म्हणजे १९९३ पर्यंत, तेहतीस वर्षे अध्यक्ष राहिले. कोको आणि कॉफी यांच्या लागवडीने देश संपन्न झाला, शेजारच्या देशांतून मजूर येऊ लागले. कोको पिकविण्यात तर हा देश जगात पहिला ठरला. अध्यक्षांनी आपल्या यामुसुक्रो या गावाला राजधानीचा दर्जा दिला आणि तेथे जगातील अतिशय मोठ्या चर्चपैकी एक चर्च बांधले. पण विरोधी पक्षांना निवडणूक लढविण्याची मुभा १९९० साली, म्हणजे तीस वर्षांनी मिळाली. त्यांच्या मृत्यूनंतर खरा नागरिक कोण आणि परका कोण असा वाद पेटला, १९९९ च्या डिसेंबरात लष्कराने सत्ता घेतली आणि २००२ साली यादवी सुरू होऊन देशाचे दोन तुकडे पडल्यासारखे झाले. तेहतीस वर्षांची घडी सहा वर्षांत विसकटली.

त्याच भागातील सेनेगल या देशाचे उदाहरण मात्र निराळे आहे. तेथील प्रजा बहुसंख्येने मुसलमान, तर पहिले अध्यक्ष लिओपोल्ड सेंघोर हे ख्रिस्ती आणि मोठे कवी. तेही वीस वर्षे सत्तेवर होते आणि त्यांच्याही कारकीर्दीत काही वर्षे एकाच पक्षाचा अंमल होता. पण १९८० च्या अखेरीस त्यांनी हयातीतच, आपण होऊन पद सोडले आणि पंतप्रधान म्हणून काही वर्षे तयार झालेल्या अब्दू दियूफ यांच्या हाती कारभार दिला. हे दियूफ २००० साली निवडणूक हरले, तेव्हा त्यांनीही पराभव मान्य करून खुर्ची सोडली. शेजारच्या अनेक देशांत लष्करी उठाव झाले, सेनेगलमध्ये तो यशस्वी झाला नाही. जिवंतपणी खुर्चीवरून उठणे हीही राज्यकारभाराचीच एक विद्या आहे.

आपल्यापुरता विचार

पालक बंधु-भगिनींनो, सुलतान आणि अध्यक्ष यांच्या गोष्टी शिक्षण संस्थेच्या स्मरणिकेत कशासाठी, असे आपण विचाराल. त्याचे कारण असे, की लहान प्रमाणावर हाच प्रकार आपल्या घरात, दुकानात, कारखान्यात आणि संस्थांतही चालतो. सोलापुरात एका माणसाच्या कष्टाने उभा राहिलेला यंत्रमागाचा कारखाना त्याच्या जनाज्याबरोबर बंद पडल्याची उदाहरणे आपणा सर्वांच्या माहितीत आहेत. वालिद सर्व व्यवहार डोक्यात ठेवतात, मुलाला पैसा देतात पण वही दाखवीत नाहीत, मुलीला तर दाखविण्याचा विचारही करीत नाहीत. वास्तविक याच मुलखात चांदबीबीने राज्य सांभाळून दाखविले आहे.

आणि संस्थांविषयीही प्रांजळपणे बोलले पाहिजे. आपल्या समाजातील कितीतरी शाळा, मदरसे, वाचनालये आणि वसतिगृहे एखाद्या तळमळीच्या माणसाने उभी केली. त्यांच्या पुण्याईवर आमच्यासारख्यांना शिकायला आणि शिकवायला मिळाले. अशा माणसांचे ऋण कधी फिटणार नाही. परंतु तो माणूस अंथरुणाला खिळला, की किल्ली कोठे आहे, दप्तर कोणाकडे आहे, जमिनीचे कागद कोणत्या पेटीत आहेत, हे कोणालाच ठाऊक नसते. मग फत्तेखान आणि हमीदखान यांचे भांडण सुरू होते आणि वर्गातली मुले उघड्यावर पडतात. म्हणून ज्यांच्या हाती आज कारभार आहे, त्यांच्यापाशी माझी नम्र विनंती आहे, की आपल्या हयातीतच दोन-चार तरुणांना शेजारी बसवून दप्तर वाचून दाखवावे, त्यांना चुका करू द्याव्यात आणि एके दिवशी खुर्ची त्यांच्याकडे सरकवून आपण बाजूला बसावे. त्यात कमीपणा नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी अंबरच्या चरित्रातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही, की जन्म कोठे झाला आणि कोणी काय किंमत केली, यावर माणसाची लायकी ठरत नाही. वीस नाण्यांच्या मुलाला अक्षर आणि हिशेब यांनी मोठे केले. दुसरी ही, की जे शिकलात ते पुढच्याला शिकविल्याशिवाय तुमचे काम पुरे होत नाही. दहावी झालेल्या मुलाने गल्लीतल्या पाचवीच्या मुलाला संध्याकाळी तासभर गणित शिकविले, तरी मीर कासिमच्या वाटेवर त्याचे एक पाऊल पडले असे मी मानीन.

शाळेची सहल दौलताबाद-वेरूळला जाते, तेव्हा खुलताबाद वाटेतच असते. या वर्षी तेथे मुलांना थोडा वेळ थांबवावे, अंबरच्या कबरीवर फातिहा वाचावा आणि मग दौलताबादचा किल्ला चढावा. वर पोहोचल्यावर कोणी विद्यार्थी विचारीलच, ''सर, एवढा अवघड किल्ला पडला कसा?'' त्या वेळी घाईने उत्तर देऊ नये. त्यालाच थोडा विचार करू द्यावा.